अंगावर काढलेली नऊ वर्षं

९ जानेवारी २०२४, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. कोरेगाव तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी एकशे त्रेचाळिसावी प्रश्नावली भरत होते. स्त्रियांच्या आरोग्यावरचा माझा प्रबंध अशा दोनशे प्रश्नावल्यांवर उभा राहणार होता. तोवर भेटलेल्या बहुतेक जणींनी ‘वर्षभरात आजार : नाही’ असे सांगितले होते, आणि त्यावरून काढलेला आश्वासक निष्कर्ष मी सांगलीला माझ्या मार्गदर्शकांकडे पाठवूनही दिला होता.

समोर चाळिशीतल्या एक बाई होत्या. घरचा ऊस, पती सैन्यात. सोबत थोरली जाऊ.

“वर्षभरात काही आजार?”

“न्हाई.”

मी शून्य लिहिले; पण त्यांचे ओठ पांढरे दिसले, म्हणून बोटाला सुई टोचली. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक चार. बाईमाणसाचे ते किमान बारा असावे लागते. यंत्राचा संशय येऊन दुसऱ्या बोटाचे रक्त घेतले : सहा पूर्णांक तीन.

“ताई, पाळीत रक्त फार जाते का?”

“जातंय की. पर त्यो काय आजार हाय व्हय? अंगावर काढलं.”

“कधीपासून?”

“पोरगा पयलीत गेला तवापासनं. औंदा धावीला हाय.”

“तिला काय इचारताय म्याडम,” जाऊ म्हणाली. “चार पायऱ्या चढली की बसती, आन् म्हंती, द्येवाचं नाव घ्यायला बसले.”

माझ्या प्रश्नावलीत उपचाराचे तीन रकाने होते : सरकारी, खासगी, घरगुती. ‘अंगावर काढणे’ मी आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले होते; रकाने आखताना ते मला सुचले नाही. अंथरुणाला खिळवतो तो आजार, उभ्याने सोसता येते ते काहीच नाही, हा हिशेब या बायकांचा पक्का होता. त्यांची उत्तरे खरी होती. प्रश्न मी चुकीचा विचारला होता.

मी साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी ती घडी करून पदरात बांधली.

“ऊस तुटून जाऊ दे, मग बघू.”

“ऊस तुटंस्तवर तूच तुटशील,” जाऊ म्हणाली. “उद्याच्या येष्टीनं चल. ऊसतोडीच्या टोळीचं मी बघते.”

त्या दुपारी मी निष्कर्ष मागे घेतला. मार्गदर्शक एवढेच म्हणाले, “सहा महिने मागे पडाल.” एकशे बेचाळीस उंबरे मी पुन्हा चढले. आता विचारत होते, “काय काय अंगावर काढता?” बायका आधी हसत, मग बराच वेळ बोलत. एकीने तर दार लोटून घेतले आणि मगच तोंड उघडले.

त्या बाईंच्या गर्भाशयात गाठ निघाली. आधी रक्त चढवावे लागले, मग शस्त्रक्रिया. एप्रिलच्या अखेरीस मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या ओट्यावर डाळ निवडत होत्या. मी पिशवी उघडण्याआधीच त्यांनी बोट पुढे केले.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “आता किती हाय ते मलाबी सांगा.”

नऊ पूर्णांक आठ.