दोघींचा रंधा

माझा उजवा गुडघा वाकत नाही. लहानपणी एक मोठं दुखणं आलं आणि जाताना पाय ताठ करून गेलं. तेव्हाची स्वयंपाकघरं सगळी जमिनीवरची. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, जेवणाची पंगत जमिनीवर. मी मदतीला गेले की आई म्हणायची, राहू दे. ती मायेनंच म्हणायची, पण दिवसातून चार-पाचदा ‘राहू दे’ ऐकलं की माणसाला आपण घरात कशाला आहोत असं वाटायला लागतं.

आम्ही बदलापूरला बेलवलीत राहत होतो. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात हिशेबखात्यात होते. घराच्या मागे पडवी काढायची ठरली आणि एक सुतार कामाला आला. त्याच्या कामाशेजारी मी दिवसदिवस उभी असायची. तो जमिनीवर बसे, फळी पायाच्या बोटांनी धरी आणि रंधा चालवी. लाकडाची पातळ सालं गोल वळून बाहेर पडत. उरलेले तुकडे मी मागून घेतले आणि त्याच्याकडूनच करवत कशी धरायची ते शिकले. पण रंध्याचं काम अडलं. ते करायचं तर खाली बसायला हवं, आणि तेच मला जमत नव्हतं.

बाबांनी त्यावर तोड काढली. कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची खोकी येत, त्यांच्या फळ्या त्यांनी मागून आणल्या आणि जुन्या बाजेचे पाय लावून माझ्या कमरेइतकं टेबल केलं. ते पडवीत ठेवलं. बाजारातून एक लहान रंधाही आणून दिला. मी उभ्यानं काम करू लागले. फक्त रंधा रेटला की टेबलही पुढे जायचं, भिंतीला टेकेपर्यंत. मग आई तांदळाचं सूप घेऊन दुसऱ्या टोकाला चढून बसायची. शेजारणींनी विचारलं, एवढ्या उंचावर कशाला बसता, तर सांगायची, इथे वारा लागतो.

पाट, चौरंग, देवळीची फळी असं काय काय मी त्या टेबलावर केलं. माझ्या मनात होतं ते वेगळंच. मला स्वयंपाकघरात एक उंच टेबल हवं होतं, ज्याच्यावर शेगडी ठेवून उभ्यानं भाजी-आमटी करता येईल. त्याला वर रुंद फळा लागणार, म्हणजे तीन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या. माझा रंधा लहान. कडेला जिथे खड्डा असेल तिथे तोही खाली उतरायचा आणि उंचवटा आला की वर चढायचा. दोन फळ्या एकमेकींना लावून धरल्या की मधून उजेड दिसायचा. लांब रंधा मिळाल्याशिवाय हे होणार नाही, असं सुतारानंही सांगितलं.

जुनी हत्यारं कॅम्पात मिळतील, असं बाबांना कचेरीत कुणीतरी सांगितलं. उल्हासनगर नाव पडलं होतं, पण आमच्याकडे सगळे अजून कॅम्पच म्हणायचे. लष्करी बराकींमधून सिंधी कुटुंबं राहत होती आणि बराकींच्या पुढे ताडपत्र्या टाकून दुकानं थाटलेली होती. एका रविवारी आम्ही गेलो. एका दुकानात खिळे, कुलपं, बिजागऱ्या आणि लष्कराच्या लिलावातून आलेली हत्यारं मांडली होती. दुकान चालवणारा तरुण होता. मागे खाटेवर त्याची म्हातारी आई बसली होती.

त्यानं एक लोखंडी रंधा काढून दिला. जड, थंड, पात्याला मागेपुढे करायला स्क्रू असलेला. असा मी पूर्वी पाहिला नव्हता. हातात घेऊन लाकडाच्या तुकड्यावर चालवून पाहिला, तर तो दाताखाली खडा आल्यासारखा मधेच अडकायला लागला. पातं नीट लावायला हवं, हे मला कळत होतं, पण कसं ते कळत नव्हतं. तेवढ्यात माझं लक्ष खाटेच्या वर, फळीवर गेलं. तिथे एक लाकडी रंधा होता. माझ्या हाताएवढा लांब, तेल पिऊन काळसर झालेला, पुढच्या बाजूला एक आडवी खुंटी. मी तो मागितला. तरुणानं मान हलवली. तो विकायचा नाही, म्हणाला. वडिलांचा आहे, सिंधमधून आणलेला.

तेवढ्यात म्हातारी खाटेवरून पुढे सरकली. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि काय करणार आहेस असं विचारलं. मी मोडक्यातोडक्या हिंदीत स्वयंपाकाच्या टेबलाचं सांगितलं. मुलगा असो की मुलगी, ती ‘पुट’, म्हणजे बाळा, अशीच हाक मारायची, हे मला नंतर कळलं.

“पुट, पहले तू जिस पर काम करती है वो दिखा,” ती म्हणाली. “फिर बोलूँगी.”

पुढच्या रविवारी ती खरंच आली. मुलानं तिला गाडीत बसवून दिलं होतं, बाबा स्टेशनवर उतरवून घ्यायला गेले. आईनं तिला चहा दिला, तो तिनं बशीत ओतून उभ्याउभ्याच संपवला आणि पडवीत आली. टेबलावर तळवा ठेवून तिनं एक धक्का दिला. टेबल सरकलं.

“ये तो चलता है,” ती म्हणाली. “चलनेवाली चीज़ पर मैं उनका रंधा नहीं रखूँगी.”

मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. तिचं म्हणणं खरं होतं आणि ते तिनं आमच्या घरी येऊन सांगितलं होतं. आईनं तिला जेवायला थांबवलं. जेवताना ती नवऱ्याबद्दल बोलली. तो तिकडे दारं-खिडक्या करायचा. हा रंधा एकट्याचा नव्हे, दोघांचा. तो मागून रेटायचा आणि ती पुढची खुंटी धरून ओढायची. लग्न झाल्यापासून हेच काम. इकडे आल्यावर कॅम्पात काम मिळायच्या आतच तो वारला. तेव्हापासून रंध्याला कुणी हात लावला नव्हता. हे सगळं तिनं भात कालवता कालवता सांगितलं, आवाज न बदलता.

मग आम्ही कामासाठी नवं, न हलणारं टेबल करायच्या मागे लागलो. बारवी नदीच्या बाजूच्या एका पाड्यावर गोठा पाडला होता, त्याचे ऐनाचे वासे विकायला होते. बाबा बैलगाडी करून घेऊन आले. गाडीवाला उतरवताना म्हणाला, “बाय, ह्यो वासा हालवशील तर दोन मानसा लागतील.” मला तेच हवं होतं. वाशांचे चार जाड पाय केले, खाली आडव्या पट्ट्या ठोकून बसवल्या, पायांना भोकं आणि पट्ट्यांच्या टोकांना त्या भोकांत बसणाऱ्या जिभा, बाहेरून लाकडी पाचरी. खिळा एकही नाही. वर आंब्याची जाड फळी. एका टोकाला लाकडाचा ठोकळा उभा बसवला, काम त्याला टेकवलं की पुढे सरकायचं नाही. उंची माझ्यापुरती मोजली, मनगट टेकेल इतकी. ताठ पाय मागे रोवून अंगाचा भार पुढे टाकला की मला चांगला जोर मिळतो, हे त्या दिवसांत मला समजलं. भोकं पाडताना हात फोडांनी भरून गेले. आई तूप चोळायची.

टेबल झालं तसं बाबांनी कॅम्पात निरोप दिला. म्हातारी आली तेव्हा तिच्या काखेत एका जुन्या चादरीत गुंडाळलेला रंधा होता. तिनं टेबलाला धक्का दिला. मग दोन्ही हातांनी दिला. मग रंधा टेबलावर ठेवला, पातं हातोडीनं हळूहळू ठोकून बसवलं, तळाशी डोळा लावून पाहिलं आणि पदर खोचून पुढे उभी राहिली. खुंटी तिच्या हातात, मूठ माझ्या.

पहिल्यांदा आमचं जमलं नाही. मी रेटायच्या आधी ती ओढायची. ती नवऱ्याच्या लयीत ओढत होती आणि माझी लय वेगळी होती. तिनं मला थांबवलं, माझ्या हातांवर हात ठेवला आणि तोंडानं हलकेच ‘हूं’ म्हणायला लागली. ‘हूं’ला रेटायचं. चार-पाच वेळा झाल्यावर फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच अखंड साल निघाली. तिनं ती उचलून उजेडात धरली. तिचे डोळे भरून आले होते. आईनं तिला पाणी दिलं आणि दोघी थोडा वेळ पडवीच्या पायरीवर बसल्या.

ती रविवारी येऊ लागली. तीन फळ्यांच्या कडा अशा जुळल्या की मधून उजेड दिसेना. सरस लावून फळा जोडला, पाय लावले आणि टेबल स्वयंपाकघरात गेलं. पहिल्या दिवशी मी उभ्यानं वांग्याची भाजी केली. थोडी करपली. बाबांनी दोनदा घेतली. मग कुणी मला ‘राहू दे’ म्हटलं नाही, म्हणायची वेळच आली नाही.

वर्षभरानं तिच्या मुलानं अजमेरला दुकान घ्यायचं ठरवलं. ती निरोप घ्यायला आली. रंधा माझ्याकडेच ठेवावा असं तिच्या मनात आहे, हे मला दिसत होतं, आणि नको आहे, हेही दिसत होतं. ती बोलायच्या आत मीच म्हणाले, “अम्मा, हा तुमच्या घरातला आहे, घेऊन जा.” मी त्याला तेल लावलं, पातं काढून वेगळं फडक्यात बांधलं. तिनं मला जवळ घेतलं आणि आईला सिंधीत काहीतरी सांगितलं. आईला ते समजलं नसावं, पण तिनं मान हलवली.

ती निरोप घेऊन गेल्यावर मी बाबांबरोबर कॅम्पात जाऊन तो लोखंडी रंधा घेऊन आले. तिचा मुलगा दुकान आवरत होता. पैसे घ्यायला त्यानं खळखळ केली, पण बाबांनी ऐकलं नाही. घरी पडवीत मी पातं परत परत काढलं, सहाणेवर घासलं, स्क्रू फिरवून पाहिले. आठवडाभर तो अडकतच राहिला. मग एका सकाळी पातं केसाएवढंच बाहेर काढलं आणि तो चालायला लागला. त्या पावसाळ्यात गावच्या शाळेनं मुलांसाठी बाकांचं काम सांगितलं. मी दोन बाकं केली. मास्तरांनी बसून पाहिलं आणि आणखी सहा सांगितली.