तिम्मप्पा भटांच्या मुठीचं मीठ

तिम्मप्पा भटांनी जन्मात कधी चुलीवर दूध तापवलं नव्हतं, पण पातेल्यात मीठ कमी आहे की जास्त हे त्यांना ओटीवर बसल्या बसल्या वासावरून कळायचं. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. नाक वर करायचे, डोळे मिटायचे आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे. गावात कुणाकडेही कार्य असलं की पंगतीतले लोक जेवण सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत. पहिला घास गिळून, घसा खाकरून भट म्हणत, "बरं आहे. पण..." त्या 'पण'पायी कितीतरी बायकांनी मागच्या दारी जाऊन पदराने डोळे पुसले होते.

त्यांच्या बायकोने, शरावतीने, कधी पुसले नाहीत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिने एकदा मुद्दाम सारात मीठच घातलं नव्हतं. भट भुरका मारून म्हणाले, "आज अंमळ जास्त झालं." तेव्हाच तिला कळून चुकलं की या माणसाचं नाक नुसतं मोठं आहे, आत काही नाही. तिला त्यांचा राग येत नसे. राग यायला समोरचा माणूस जरा तोलामोलाचा लागतो. भट नाकाने कांदे सोलत बसायचे आणि ही त्यांच्या पानात निमूट वाढायची, जसं गोठ्यात गवत टाकावं तसं.

पण आता ते नाक पोराच्या मुळावर आलं होतं. श्रीपाद एकुलता एक, पस्तिशी ओलांडलेला, सुपारीची बाग एकट्याने सांभाळणारा. हल्ली सिद्धापुराकडे बागेत राहणाऱ्या मुलाला मुलगी कोण देतो? सगळ्या पोरी बंगळुरात. त्यातून दोन स्थळं जमत आली होती, तीही मोडली. "मुलगा गुणी आहे हो, पण त्या घरात जेवायला बसणं म्हणजे परीक्षेला बसणं," असं कुणीतरी मुलीकडच्यांच्या कानावर घातलं. श्रीपादने आईला सांगून टाकलं होतं, "आयी, हे शेवटचं. हे नाही जमलं तर पुन्हा माझ्यापाशी विषय काढू नकोस."

हे शेवटचं म्हणजे नरसिंह हेगड्यांची चैत्रा. बंगळुरातली नोकरी सोडून आलेली. "घर मी स्वतः बघणार, तिथे जेवणार आणि मग सांगणार," असं तिने बापाला बजावलं होतं. ती दोघं आज जेवायला यायची होती.

आषाढात भाजी कुठली मिळायला? शरावतीने बरणीतले उप्पिनसोळे काढले होते, म्हणजे उन्हाळ्यात मिठात मुरवून ठेवलेले कच्च्या फणसाचे गरे. रात्रभर भिजवले, सकाळी पुन्हा पुन्हा पाणी बदलून पिळले आणि तुरीची डाळ, खोबऱ्याचं वाटण घालून हुळी, आपली आंबटसर आमटीच, उकळत ठेवली. मिठाचा कण घातला नाही. धुतलेल्या गऱ्यात उरतं तेवढं मीठ पुरतं, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. हातावरच भिस्त, कारण देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कुणी अन्न चाखायचं नाही.

कढीपत्ता तोडायला ती परसात गेली आणि परत येऊन बघते तो भट चुलीपाशी उभे, पंच्याला हात पुसत.

"अगं, नुसता फणस शिजतोय. ओटीपर्यंत वास आला. मीठच नाही. मी घातलं."

"किती घातलंत?"

"अंदाजाने. आमचा हात आहे!"

"त्या हाताने मिठाची बरणी तरी कधी उघडली होती याआधी?"

"तू सोळे भिजवलेस ना? मग मीठ गेलं की सगळं पाण्यात."

"अहो, मुरलेलं मीठ एका रात्रीत जातं होय? एक वेळ तुमचा स्वभाव धुऊन निघेल!"

भट जरा वरमले. पण गप्प बसतील तर ते भट कसले? "मग एक बटाटा टाक. बटाटा मीठ ओढून घेतो म्हणतात."

"बटाटा आपण खारट होतो आणि हुळी आहे तिथेच राहते. असले शोध ओटीवर बसून लावा." ते निघाले तसं तिने थांबवलं. ताटली पुढे केली, मिठाची बरणी सरकवली. "मघाशी घातलंत तेवढंच यात घाला. मूठ तीच हवी, खोटी नको."

भटांनी मूठ उघडली. ताटलीत ढीग पडला.

"एवढ्यात गोठ्यातल्या सगळ्या गुरांचं चाटण झालं असतं," शरावती म्हणाली. तेवढ्यात श्रीपाद दारात आला. "आयी, पाहुणे आले."

"बागेत ने. मिरीचे वेल दाखव, पाट दाखव. दाखवायला काही उरलं नाही तर तेच पुन्हा दाखव!"

पोराने आईच्या तोंडाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि काही न विचारता छत्री घेतली.

शरावतीने अर्धी हुळी दुसऱ्या पातेल्यात काढून बाजूला ठेवली. उरलेल्या अर्धीत सारासाठी शिजवलेली अळणी डाळ ओतली. आज सार पातळ होईल, होऊ दे. आढ्याला टांगून ठेवलेली जून पिवळी काकडी चिरून नुसत्या पाण्यात उकडली, तीही घातली. नारळ फोडला, सुक्या मिरच्या परतून नवं वाटण केलं. चिंचेचा कोळ, गुळाचा खडा. चाखायची सोय नाही, म्हणून ताटलीतल्या ढिगाकडे बघायची आणि अजून एक पळी डाळ घालायची. ज्या माणसाला मिठातलं ओ की ठो कळत नाही त्याच्या मुठीवर पोराचा संसार अडकावा, याची तिला आतून किळस आली.

श्रीपादने नैवेद्य दाखवला. पानं मांडली. चैत्रा बापाशेजारी बसली. तिने भातावर हुळी घेतली, कालवली, घास घेतला. शरावती हातातली पळी तशीच धरून उभी राहिली.

"अम्मा, हुळी अजून वाढा," चैत्रा म्हणाली.

शरावतीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात भटांनी घसा खाकरला.

"बरं आहे. पण..."

श्रीपादने मान खाली घातली. नरसिंह हेगड्यांचा हात पानातच थांबला.

"पण मीठ कमी. मी घातलं तेव्हा अगदी बरोबर होतं. नंतर हिने काहीतरी कालवाकालव केली."

"चुकलंच माझं," शरावती शांतपणे म्हणाली. आत जाऊन तिने बाजूला ठेवलेलं पातेलं आणलं. "तुम्ही मीठ घातलेली हुळी काढून ठेवली आहे, जशीच्या तशी. तुमच्या हातची तुम्हालाच नको का?" त्यांच्या भातात आळं केलं आणि काठोकाठ भरलं.

भटांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे कान लाल झाले. पानात टाकायचं नाही, आणि घरातला वडील माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही. त्यामुळे सगळे बसून राहिले, बघत. भट घास घेत होते, पाणी पीत होते, डोळे पुशीत होते.

"मीठ कसं आहे?" शरावतीने विचारलं.

"बरोबर आहे," भट म्हणाले. 'पण' काही आलं नाही.

"अजून वाढू?"

"नको!"

चैत्राने तोंडावर हात धरला, तरी तिचे खांदे हलत होतेच.

पंगत उठली तशी ती स्वयंपाकघरात आली. शरावती उरलेली खारट हुळी मोरीत ओतायला निघाली होती.

"अत्ते," सासूला मारतात तशी हाक तिने मारली, "रोज असं बाजूला काढून ठेवावं लागतं?"

"नाही गं बाई. मला सुचायलाच आज उजाडलं."

चैत्राने तिच्या हातातून पातेलं घेतलं, झाकण ठेवलं आणि फळीवर चढवलं.

"मग हे टाकू नका. मी येईपर्यंत लागेल."