कॅमेरा येईपर्यंत

आमच्या गल्लीतला न्हावी ओसायुकी मोबाईलवरच्या एका मालिकेत सेनापतीचं काम करतो. हा सेनापती चोरांना पकडून स्वतःच शिक्षा देतो. घरी मात्र कोंबडी बायको कापते, कारण रक्त दिसलं की ओसायुकीला घेरी येते. चर्चमध्ये देणगीची टोपली तो फिरवायला लागल्यापासून टोपलीत जास्त पडतं. पास्टर याला कृपा म्हणतात.

मंगळवारी आमचे हे त्याच्या खुर्चीत होते, अर्धी दाढी झालेली. मी बाहेर बाकावर स्तोत्र वाचत होते. तेवढ्यात बाजारातून घोळका आला. मध्ये एक माणूस, नाकातोंडातून रक्त. कांदे विकणाऱ्या मामा इवीची, म्हणजे इवीच्या आईची, गॅसची टाकी त्याने चोरली होती. मागून पंक्चरवाला इयोबोसा टायर आणि पेट्रोलची बाटली घेऊन. टायर चोराच्या गळ्यात घालायचा, वरून पेट्रोल, मग काडी. नायजेरियातल्या आमच्या बेनिन शहरात पोलिसांच्या आधी हेच पोचतं.

"सेनापती, निकाल द्या!"

ओसायुकीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "अहो, मी न्हावी आहे."

"ते ठाऊक आहे. लवकर द्या, पेट्रोल उडून चाललंय."

नुसतं नको म्हटलं असतं तर त्यांनी तिथेच उरकलं असतं. मी येशूचं नाव घेतलं. ओसायुकीने सेनापतीचा आवाज काढला, "कॅमेऱ्याशिवाय मी कधी निकाल दिलाय? दिग्दर्शकाला बोलावतो. पण तुम्ही या अवतारात दिसणार? लागोसपर्यंत लोक बघतात."

इयोबोसाने आपल्या बनियनकडे पाहिलं.

"टाकी माझी, मी पुढे उभी राहणार," मामा इवी म्हणाली.

"मामा, तू पुढे राहिलीस तर चोर दिसायचा नाही."

"तुझा बाप दिसेल, गप!"

बघता बघता गल्ली रिकामी झाली. आमच्या ह्यांनी अर्ध्या दाढीनेच चोराला गाडीत आडवं घातलं आणि चौकीवर सोडून आले.

मंडळी परतली ती लेसचे झगे, पोवळ्यांच्या माळा, उंच फेटे घालून. इयोबोसाने टायरही धुऊन आणला होता.

"चोर कुठाय?"

"पोलिसांत."

"म्हणजे एवढा फेटा मी उगाच बांधला?" मामा इवी कडाडली.

ओसायुकीने सगळ्यांचे फोटो काढून दिले, फुकट. तरी दोघातिघांनी त्याच्याकडे केस कापून घेणं सोडलं.

संध्याकाळी प्रार्थनेत मी त्या माणसासाठी मागायला बसले, तर त्याचं नाव कुणी विचारलंच नव्हतं. टाकी चोरणारा, एवढंच म्हटलं. देवाला कळलं असेल.