दोन चंद्रांचा फ्लेक्स

आमच्या तिघांत एक रीत आहे. कुणाला नवा गेम विकत घ्यायचा असला की आधी बाकीच्या दोघांनी त्याचे दात बघायचे. ही भाषा आमच्यातल्या तंबूवाल्याची. बैलबाजारात गिऱ्हाईक जसं बैलाचा जबडा उघडून त्याचं वय ताडतं, तसं आम्ही गेमला नावं ठेवतो. दिसतो भारी, पण तुझ्या लॅपटॉपचा पंखा जळेल. गोष्ट चांगली आहे, पण तू मागचाच अजून अर्धा सोडलायस. एवढं ऐकूनही ज्याची इच्छा टिकेल त्याने खुशाल घ्यावा. माझी सहसा टिकते, कारण मी हट्टी आहे.

तिघं म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ आणि तंबूवाला. मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतला शाळेत चित्रकला शिकवते. भाऊ नागापूरला एमआयडीसीत एका कंपनीत आहे, आणि तंबूवाला त्याच्याच शेजारच्या मशीनवर होता. त्याचं गाव भंडारदऱ्याजवळ. दोघं खोलीवर गेम खेळायचे, त्यात मी घुसले. चाळिशीला टेकलेली सून कानाला हेडफोन लावून राक्षस मारते, याचं माझ्या सासूबाईंना वाटलेलं नवल अजून ओसरलेलं नाही. संध्याकाळी शाळेतून आले, चहा झाला, की आम्ही गेममधल्या एका बेटावर भेटतो. तिथे लाकडं तोडायची, झोपड्या बांधायच्या, मासे धरायचे. खरं तर कामं कमी आणि गप्पाच जास्त.

तंबूवाल्याने नोकरी सोडली ती पावसाळ्याआधी. त्यांच्या भाताच्या खाचरांच्या वर धरणाकडे तोंड करून एक माळ आहे, तिथे त्याला पर्यटकांसाठी तंबू लावायचे होते. त्याच्या वडिलांना, आबांना, हे अजिबात पटलं नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं की होळीपर्यंत बघ, नाही जमलं तर मुकाट्याने परत कंपनीत जायचं. आणि त्याचे कंपनीतले सेफ्टी शूज त्यांनी पडवीत खुंटीला टांगून ठेवले. नुसते टांगले नाहीत, अधूनमधून फडक्याने पुसायचेसुद्धा.

"ताई, त्या बुटांकडं बगून घास उतरत न्हाई," तो मला म्हणायचा. त्याला परत मशीनवर उभं राहायचं नव्हतं. तंबू लागले होते, पण माळावर गिऱ्हाईक फिरकत नव्हतं आणि थंडी सुरू झाली होती.

गेमच्या ऑनलाइन दुकानात दिवाळीचा सेल लागला, तेव्हा मी एक गेम पुढे केला. जुन्या शहरातल्या चोऱ्या शोधायचा, हाताने सुंदर रंगवलेला. वर्षभर माझा डोळा होता त्याच्यावर. भावाने लगेच दात बघितले.

"त्यात इंग्रजी लई वाचायला लागतं, तायडे. तू दुसऱ्या दिवशी जांभया देशील."

तंबूवाला नुसता बेटावरचं एक झाड तोडत बसला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "फाट्यावर फ्लेक्स लावायचाय. फ्लेक्सवाला म्हनला, डिझाईन तुमीच आना. माज्याकडं फोटू हायेत, पन भर दुपारचे. लई भकास दिसत्यात."

चित्रकलेची बाई इथे बसलेली असताना हा प्रश्न पडावा कसा, असं मी त्याला झाडलं. पण काम करायचं कशावर, हा प्रश्न होताच. फोटो सुधारायचं जे मोठं सॉफ्टवेअर आहे, त्याचं दर महिन्याला भाडं. भाडं थकलं की आपणच काढलेलं चित्र आपल्याला नीट उघडत नाही. त्यापेक्षा घरमालक परवडला. भाऊ म्हणाला, ढापलेली कॉपी टाकून देतो. मागच्या वेळी त्याने अशीच एक टाकून दिली होती, आणि तिच्या मागून माझ्या लॅपटॉपवर जे पाहुणे आले ते अजून हललेले नाहीत.

"मग फुकटचं घे की. ते पण चांगलं असतंय."

तेही करून बघितलं होतं. त्यात हवं ते बटण सापडेपर्यंत माझा जीव जातो. मग तंबूवाल्यालाच दिसलं, की त्याच सेलमध्ये गेमच्या रांगेत एक फोटोचं सॉफ्टवेअरही आहे. एकदाच पैसे भरा, पुढे आपलंच. रीतीप्रमाणे आम्ही त्याचे दात बघितले. जुन्या लॅपटॉपवर चालेल का? मराठी जोडाक्षरं फुटतात का? ती फुटत नव्हती. मी गेम बाजूला ठेवला आणि सॉफ्टवेअर घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण कामाला बसले आणि रंगून गेले. दुपारच्या फोटोतलं पांढरं फटक आभाळ कापून काढलं. त्या जागी संध्याकाळचं निळंजांभळं आभाळ हवं होतं, आणि तसं सुंदर आभाळ मला एकच माहीत होतं, आमच्या बेटावरचं. त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि तंबूंच्या मागे बसवला. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलेय की उजेड कुठून येतो ते आधी बघा. त्याप्रमाणे पाण्यात प्रतिबिंबं काढली, सावल्या मऊ केल्या. तयार झालेलं चित्र दोघांना पाठवलं.

"डावीकडचा चंद्र जरा मोठा कर," भाऊ म्हणाला. मी केला.

"एक नंबर, ताई," तंबूवाला म्हणाला. फ्लेक्स छापून फाट्यावर लागला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, आबा फाट्यावर गेल्ते. इचारत्यात, ह्यो दुसरा चंद्र कुनाचा?"

आमच्या बेटावर दोन चंद्र उगवतात. इतके दिवस आम्ही रोज ते बघत होतो, त्यामुळे तिघांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. मी तर दोन्ही चंद्रांची प्रतिबिंबं मन लावून रंगवली होती. आधी मला हसू फुटलं, आणि मग होळीची मुदत आठवली. लोक म्हणतील, फोटोच खोटा तर तंबू कशावरून खरे? सीझन त्याचा होता आणि खेळ माझा झाला होता. मी म्हटलं, रविवारी बसून दुसरा करून देते.

दुसरा करायची वेळच आली नाही. शनिवारी नाशिककडचं एक कुटुंब फ्लेक्सपाशी गाडी थांबवून हसत हसत फोटो काढत होतं, आणि आबा तिथेच दूध घालून परतत होते. त्यांना कुणीतरी चेष्टेने विचारलं, की दुसरा चंद्र कुठे बघायला मिळेल? आबांचा चेहरा मुळात हसरा नाही.

"पान्यात हाय," ते म्हणाले. "चला, दावतो."

ती माणसं खरंच त्यांच्या मागोमाग माळावर गेली आणि राहिली. संध्याकाळी धरणावर चंद्र आला तेव्हा आबांनी त्यांना काठावर नेऊन पाण्यातला दाखवला. त्या कुटुंबाने टाकलेले फोटो बघून पुढच्या आठवड्यात आणखी लोक आले, आणि सगळे येताच दुसरा चंद्र विचारू लागले. मी नव्या फ्लेक्सचं विचारलं तर तंबूवाला म्हणाला, "आबा हात लावू देत न्हाईत त्याला."

होळी जवळ आली तेव्हा मी आणि भाऊ तिकडे गेलो. माझ्या मनात एकच धाकधूक होती. पडवीत पाऊल टाकल्याबरोबर मी खुंटीकडे बघितलं. तिथे एक टॉर्च टांगलेला होता.

माळावर आबा नव्या तंबूचे खुंटे ठोकत होते. त्यांच्या पायात ते बूट होते, घोट्यापर्यंत मातीने माखलेले. माझी नजर कुठे आहे ते त्यांना कळलं असावं.

"ठोकताना पायाला बरं पडत्यात," हातोडा न थांबवता ते म्हणाले. "त्याला आता काय करायचेत?"