फिल्टरवरची तारीख

शाहूपुरीतल्या आमच्या मिस्त्रींचा एक हट्ट होता. गाडीचा डिझेल फिल्टर बदलला की नव्या फिल्टरवर तारीख मालकानंच लिहायची. पांढऱ्या रंगात बुडवलेला ब्रश ते हातात कोंबायचे आणि ओरडायचे, "लिवा की सायेब! मी लिवलं तर तुमच्या ध्यानात ऱ्हाणार न्हाय." बाबा दरवर्षी निमूटपणे लिहायचे. जुना फिल्टर मिस्त्री तिथल्या तिथं भंगाराच्या डब्यात भिरकावायचे. डब्याचा तो खणकन आवाज झाला, की काम संपलं असं आम्ही समजायचो.

बाबा गेल्यावर गाडी मी नेली. मिस्त्रींना कळलं होतं. जुना फिल्टर काढून त्यांनी त्यातलं काळं डिझेल ओतलं. मी डब्याच्या आवाजाची वाट पाहत राहिलो. त्यांनी मात्र फिल्टर फडक्यानं पुसला, अक्षराला धक्का न लावता, आणि माझ्या हातात दिला. "ह्यो घरी ठेव. सायबांनी लिवलंय."

मग ब्रश पुढं केला. मी नव्या फिल्टरवर तारीख लिहिली. त्यांनी वाकून पाहिलं.

"वाकडंतिकडं हाय की! अगदी बापावानी," ते ओरडले, आणि बॉनेटखाली जे डोकं घातलं, ते बराच वेळ वर काढलंच नाही.