धुतलेल्या प्लेटी

समजा, तुमच्यासमोर पत्र्याचं पिंप आहे. खाली लाकडं पेटलेली, पिंपात कॉस्टिक सोडा घातलेलं गरम पाणी. हातांत रबरी मोजे, नाकातोंडावर पंचा. आता एक्स-रेची एक प्लेट पाण्यात सोडा आणि काठीने ढवळत राहा. थोड्याच वेळात कुणाचा गुडघा, कुणाचा कणा, कुणाची छाती काळ्या सायीसारखी सुटेल आणि पाण्यात मिसळून जाईल. हातात उरेल निळसर, पारदर्शक प्लास्टिक. तळाशी बसलेला काळा गाळ मात्र सांडू नका. चांदी त्यातच आहे.

गोव्यातल्या डिचोलीचा बाबली हेच काम करतो. बाप सिंधुदुर्गातून खाणीवर आलेला. बाबली स्वतः खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. खाणी बंद पडल्या तसा ट्रक दारात गंजला. विमानतळावर काही जमेल म्हणून त्याने मोप्याला खेपा घातल्या, पण तिथेही कुणी उभं केलं नाही. मग भंगार आलं, आणि भंगारातून या प्लेटी.

वाळलेला गाळ तो बाजारातल्या गोकुळदास सोनाराकडे नेतो. गोकुळदास टाकणखार घालून तो मुशीत वितळवतो आणि चांदीची गोळी बाहेर काढतो. त्यानेच बाबलीला धंद्याची खूण सांगितली होती : "काळ्यात चांदी. पांढऱ्यात काय नाय." किरण आरपार गेले की तिथे चांदीचे बारीक कण काळे होऊन बसतात. हाड किंवा दुखणं आड आलं की तिथली चांदी दवाखान्यातच फोटो धुताना निघून जाते, जागा पांढरी राहते. म्हणून बाबली प्रत्येक प्लेट आधी उन्हात धरतो. जितकी काळी, तितका माल बरा.

एका सकाळी मये गावात प्रभावतीकाकीच्या दारात त्याने स्कूटरचा भोंगा वाजवला, तेव्हा ती घाईघाईने बाहेर आली.

"मेल्या, पाववाल्या पोदेरासारखो भोंगो वाजवतस, आणि पाव खंय?"

"पाव नाय काकी, चाळण आसा. जुन्यो प्लेटी आसत काय?"

होत्या. तिच्या मुलाच्या, दत्तप्रसादच्या. न्यूमोनियातून तो उठला त्याला बराच काळ लोटला होता. "दुखण्याचे फोटो घरात ठेवले तर दुखणा परत वाट काढता," काकी म्हणाली आणि पाकीट त्याच्या हातात देऊन मोकळी झाली. बदल्यात तिने स्टीलची चाळण घेतली. बाबलीने प्लेट उन्हात धरली. छान काळी होती. "बरी आसा," तो म्हणाला.

दिवाळीनंतर दत्तप्रसादला पुन्हा खोकला लागला. नव्या फोटोत उजव्या बाजूला एक पांढरा ठिपका निघाला. डॉक्टर म्हणाले, जुना फोटो आणा. ठिपका तेव्हाही असेल तर तो जुना व्रण, त्याला हात लावायचं कारण नाही. नसेल तर छातीत सुई घालून तुकडा काढावा लागेल. ज्या दवाखान्यात पहिला फोटो काढला होता, तो कधीच बंद झाला होता.

मायलेक बाबलीच्या परसात आली. तारेवर धुतलेली प्लास्टिकं वाळत टाकलेली होती. बाबलीने सगळी खाली काढली, उलटीपालटी केली. कशावरच काही नव्हतं. काकीने त्यातलं एक उचलून डोळ्यांसमोर धरलं, तर पलीकडची माडाची झाडं स्वच्छ दिसली.

"तू उन्हात धरून बघतस मा?" दत्तप्रसादने विचारलं. आवाज शांत होता, पण हात शर्टाच्या बटणाशी चाळा करत होते. "हय, उजवीकडे, पांढरो ठिपको होतो?"

बाबलीला 'होतो' म्हणावंसं वाटलं. त्या एका शब्दासाठी तो मुलगा श्वास धरून उभा होता. पण शब्द खोटा निघाला आणि सुई राहून गेली तर? त्याने डोळे मिटून ती सकाळ आठवून पाहिली. अंगण आठवलं, चाळण आठवली, काळा रंग आठवला. त्या काळ्यात कुठे काय होतं, ते काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

"आठवणा नाय रे."

"सगळ्या गावाच्यो छातयो बघितलस," काकी म्हणाली, "आणि माझ्या झिलाचीच आठवणा नाय?" मग ती तिथल्याच दगडावर बसली. "माझीच चूक. मियाच दिलय." दत्तप्रसादने तिला हाताला धरून उठवलं आणि रस्त्यापर्यंत नेलं.

बाबली तडक गोकुळदासकडे गेला. गोळी अजून विकली गेली नव्हती. पांढरी, गुळगुळीत, त्यात कितीतरी घरांचा गाळ एक झालेला. त्याने ती बोटांत फिरवली.

"ह्याच्यातून काय कळाचा नाय?"

"ठिपको तर पांढरो रे," गोकुळदास मान वर न करता म्हणाला. "त्याची चांदी तुझ्या पिंपात आयलीच नाय. आणि तू भंगारवालो, डॉक्टर नव्हे."

सोमवारी दत्तप्रसादला सुईसाठी नेणार आहेत. बाबलीने दोन दिवस पिंपाखाली लाकूड लावलेलं नाही. जेवताना, स्कूटर पुसताना तो मधेच थांबतो आणि रिकामा हात उन्हात धरून बघतो. त्या सकाळी, त्या काळ्या छातीत, उजव्या बाजूला तो ठिपका होता की नव्हता?