लोणारे मॅडम घ्यायच्या ती मुलाखत

“नाही जेवत मी! जाय इथून!”

आवाज टेबलाखालून येत होता आणि तो काढणारी व्यक्ती आमच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. वय पंचावन्न, अंगावर कडक इस्त्रीची साडी, एका पायात चप्पल. दुसरी चप्पल नुकतीच उमेदवार बाईंच्या कानाजवळून खिडकीबाहेर गेली होती. बाई बी.ए. होत्या. त्या खुर्चीवर चढून माझ्याकडे पाहत होत्या. मी राऊत, शाळेचा बाबू. मी फायलीत तोंड घातलं.

दारव्ह्याच्या टोकाला, रस्त्याला लागून, आमची विशेष मुलांची शाळा. वर्गात मदतनीस लागायच्याच. कुणाला भरवायचं, कुणाला संडासला न्यायचं, कुणाला नुसतं धरून बसायचं. अशा जागेसाठी जग कागद पाहतं, प्रश्न विचारतं. लोणारे मॅडम स्वतःच विद्यार्थी व्हायच्या. चहा सांडायच्या, ओढणी खेचायच्या, मधूनच फाटकाकडे धूम ठोकायच्या. त्यांचा आवाज चढला की बाजारातल्या कापसाच्या गाठी आपोआप सुटतात असं म्हणतात. म्हणणारा मीच, पण गोष्ट खोटी नाही. एक उमेदवार तर अशी पळाली की जीपवाल्यानं तिला पार बाभुळगावजवळ पाहिलं, आणि जीप तिच्या मागे होती.

मॅडमचा विश्वास कुणावरच नव्हता. दूधवाल्यावर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर नाही, माझ्यावर तर नाहीच. आता निवृत्त होऊन त्या अमरावतीला लेकाकडे असतात. तिथल्या लिफ्टवर विश्वास नाही म्हणून रोज चार मजले चढतात आणि वाटेत प्रत्येक मजल्यावर संशय घेतात. पण त्यांचा सगळ्यात मोठा संशय होता गोडव्यावर. उमेदवारानं “ही तर देवाची लेकरं” म्हटलं, की मॅडम माझ्याकडे झुकून म्हणायच्या, “बाबू, हिले फाटकापर्यंत सोडून या. हे लेकरायले देवाच्याच भरोश्यावर सोडन.”

मी एकदा म्हटलं, “मॅडम, एवढा संशय बरा नाही.”

त्यांनी चष्मा काढला. आधीची एक मदतनीस सगळ्या शाळेची लाडकी होती. साखरेचा पाकच. एका पोराच्या दंडावर चिमट्यांचे काळेनिळे वण सापडले तेव्हा तिचा पाक आम्हाला कळला. पोराला बोलता येत नव्हतं. “आपले लेकरं घरी जाऊन चहाडी करू शकत नाहीत, बाबू,” मॅडम म्हणाल्या. “त्यायच्या वाटची चहाडी मले करा लागते.” त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

एका वर्षी सोनालीच्या मदतनीसबाईचं लग्न झालं आणि ती सासरी गेली. सोनाली नऊ वर्षांची. फाटक उघडं दिसलं की थेट रस्त्यावर, ट्रकसमोर. तिची आई कापूस वेचायला जायची. एक दिवस ती ऑफिसच्या दारात उभी राहून म्हणाली, “मॅडम, सोमवारपर्यंत बाई नाही भेटली त मी पोरीले घरीच ठेवते. बाहेरून कडी लावून वावरात जाईन. दुसरं काय करू?”

मॅडमनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच संशय घेतला नाही.

लगेच मुलाखती लावल्या. पण तोवर आमच्या मुलाखतीची कीर्ती जीपमध्ये पसरली होती. पळालेल्या उमेदवारच सांगत सुटल्या होत्या. डझनभर माणसं कोंबलेल्या जीपमध्ये गुपिताला बसायला जागा कुठे? एक उमेदवार आली ती नमस्कार करून मॅडमच्या आधीच टेबलाखाली गेली. तिथे दोघींना जागा होईना. मॅडमनी खालूनच माझ्याकडे पाहिलं. “बाबू, पेपर फुटला.” त्या दिवसापासून त्यांनी मी मागवलेला चहा पिणं बंद केलं.

शनिवारी रंजना आली. बांगड्या दोन, बोलणं त्याहून कमी. मॅडमनी कपाला हात घालण्याआधी तिनं कप सरकवला. मॅडम फाटकाकडे सुटल्या, तर ही आधी पोचून कडी लावून उभी. “बाळा, सोन्या” काही नाही.

मी हरखलो. मॅडमनी मला व्हरांड्यात ओढलं. “हे शिकवून पाठवलेली आहे.”

“मॅडम, चांगली आहे बाई.”

“चांगलीच त आहे. काहून आहे एवढी चांगली? तुमचा कोनी नातेवाईक लागते का?”

“मॅडम, परवा सोमवार.”

“माहीत आहे मले परवा काय आहे,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी रंजनाला सोनालीच्या वर्गात बसवलं, दार लोटलं आणि आम्ही दोघं चोरांसारखे खिडकीच्या फटीला लागलो.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग सोनालीनं रंजनाचा दंड धरला आणि कचकन चावली.

रंजनाचा चेहरा रागानं लाल झाला. हात वर गेला, पूर्ण वर. मॅडमचा हात दाराच्या कडीवर पोचला होता. मी डोळे मिटणार, तोच रंजनाचा हात हवेत थांबला, खाली आला आणि तिनं तो मांडीखाली दाबला. सोनाली थापडीची वाट पाहत डोळे घट्ट मिटून बसली होती. थापड येईना, तेव्हा तिनं एक डोळा उघडून पाहिलं.

झालं, हात उचलला म्हणजे गेली ही पण, असं मला वाटलं. मॅडमनी मोठा श्वास सोडला.

“बाबू, हे कोनी शिकवलं नाही. शिकवलेली असती त हासली असती. ऑर्डर टाइप करा.”

मग आत जाऊन त्यांनी तिच्या दंडावरचे दात पाहिले.

“राग आलता?”

“आलता.”

“मारनार होती?”

“हो.”

“मंग?”

“मंग हातावर बसली,” रंजना म्हणाली.